आमचं बारा जणींचं रान

 

मागच्या महिन्यात आठवडी बाजारात शेजारच्या गावच्या तिघी-चौघी भेटल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही बारा जणी मिळून शेती करता म्हणे. मग घरात काय फरक पडला ते सांगा की एकदा. नुसतं चांगलं चांगलं नको, हिशेब सांगा." म्हणून आज आम्ही हिशेबाची वहीच समोर घेऊन बसलोय. बोलणारी एक असली तरी बोलणं बारा जणींचं आहे. काल संध्याकाळी सगळ्यांनी बसून ठरवलं, काय सांगायचं आणि काय लपवायचं नाही ते.

आमचं गाव उमरगा तालुक्यातलं. रान हलकं-मध्यम, पाणी पावसाचं. आमच्यातल्या चौघींच्या घरी जमीनच नाही. बाकी आठ जणींच्या घरी कुठं वीस गुंठे, कुठं एकर, फार तर अडीच एकर. आजोबांच्या वेळी एका घराला मोठं रान असायचं, त्याचे वाटे पडत पडत बांधच जास्त झाले. ही गोष्ट एकट्या आमच्या गावची नाही. सरकारच्या कृषी गणनेत १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर राहिली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. एवढ्याशा तुकड्यासाठी ट्रॅक्टरवाला वेळेवर येत नाही. मोठ्यांची पेरणी उरकली की मग आपल्याकडं वळतो, तोवर वापसा गेलेला असतो. आपण एक-दोन पोती माल घेऊन गेलो की आडत्या मान वर करूनही बघत नाही.

सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं साखर कारखाना येतो, दूध डेअरी येते. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, तेव्हापासून महाराष्ट्राला सहकार शिकवायला नको. पण तो सहकार ऊस तुटल्यावर, दूध काढल्यावर सुरू होतो. रानात मात्र ज्याचा त्याचा बांध आणि ज्याची त्याची खुरपणी. रानातही एकत्र यावं असा विचार देशात पूर्वी झाला होता. १९५९ साली काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. चौधरी चरणसिंग यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि त्याच वर्षी राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला त्यामागंही हे एक कारण होतं. लोकांची भीती एकच होती, की जमीन एकत्र गेली म्हणजे आपल्या हातून गेली.

आम्ही गट करायचं काढलं तेव्हा आमच्या घरातही नेमकी हीच भीती निघाली. एकीचे सासरे म्हणाले, "सातबाऱ्याला हात लावायचा नाही, बाकी काय करायचं ते करा." आम्ही ते ऐकलं, आणि ऐकलं ते बरंच झालं. आम्ही कुणाचीही जमीन एकत्र केली नाही. ज्याचा सातबारा त्याच्याकडं. एकत्र केल्या त्या तीन गोष्टी. एक, चार एकर रान सगळ्यांनी मिळून ठोक्यानं घेतलं. दोन, ज्यांच्या घरची शेती आहे त्यांच्या कामाला सावडीनं जायचं ठरवलं. सावड, इर्जिक हे शब्द आपल्या आजीला ठाऊक होते. आपण मध्येच विसरलो होतो. आणि तीन, बी-खत घेणं आणि माल विकणं एकत्र.

आता पहिली ठेच सांगतो. २०२२ साली पाडव्याला आम्ही चार एकर पडीक रान घेतलं. सगळं तोंडी. हरळी आणि कुंद्यानं भरलेलं होतं ते. आम्ही दोन महिने कुदळीनं हरळीच्या काश्या खणून काढल्या, वेचून बांधावर जाळल्या. हातांची सालं निघाली. त्या वर्षी पीक बरं आलं. आणि दुसऱ्या पाडव्याला मालक म्हणाले, "आता रान चांगलं झालंय, यंदा घरीच करतो." आमच्याकडं कागद नव्हता. बोलायला तोंड नव्हतं. आमच्यातल्या दोघी त्या दिवशी बांधावर बसून रडल्या.

मालकांना नुसती नावं ठेवून भागत नाही, त्यांचीही एक भीती असते. आपल्या मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. त्या काळी कसणाऱ्याला हक्क मिळाला ही मोठी गोष्ट झाली. पण तेव्हापासून मालकाच्या मनात बसलंय, की कागद केला तर कूळ लागेल. म्हणून तो कागद करत नाही, आणि एकाच्या हातात रान फार दिवस ठेवत नाही. कसणाऱ्याला कागद नाही, म्हणून विमा नाही, पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. त्यातून बायकांच्या नावावर तर घरची जमीनही नसते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली दिला. तरी आमच्या बारा जणींपैकी सातबाऱ्यावर नाव आहे ते फक्त तिघींचं.

दुसरं रान आम्हाला मिळालं ते मुलाकडं शहरात राहायला गेलेल्या एका बाईंचं. यावेळी आम्ही तीन वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतला आणि त्याची नोंदणी केली. खर्च आला, तालुक्याला चार चकरा झाल्या. पण मुदत संपली की रान बिनतक्रार परत, हे त्यात लिहिल्यामुळं त्या बाईंचीही झोप शाबूत राहिली आणि आमचीही.

आता हिशेब. सांगतोय तो २०२४ च्या खरीप-रब्बीचा. चार एकरांपैकी तीन एकरांत सोयाबीन आणि मधे तुरीचे पट्टे. एक एकरात मूग, आणि मूग निघाल्यावर रब्बीची ज्वारी. सोयाबीन १८ क्विंटल झालं. सरासरी भाव पडला क्विंटलला ४,१०० रुपये, म्हणजे ७३,८०० रुपये. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. पण हमीभाव केंद्रावर सातबारा आणि पीकपेऱ्याची नोंद लागते, आणि ठोक्याच्या रानाचा सातबारा आमच्या नावावर कुठला?

खर्च असा. ठोका ३२,००० रुपये. नांगरट, पाळी, पेरणीचं ट्रॅक्टर भाडं १३,०००. बी, खत, फवारणी १०,३००. मळणी, गाडीभाडं आणि हमाली ५,०००. एकूण ६०,३००. उरले १३,५००. बारा जणींत प्रत्येकीला १,१२५ रुपये. शिवाय तूर चार क्विंटल झाली, ती विकली नाही. प्रत्येकीला ३३ किलो. ज्वारी सहा क्विंटल. प्रत्येकीला ५० किलो. मूग घरोघर वरणापुरता. कडबा ज्यांच्याकडं जनावर आहे त्यांनी ठरलेल्या दरानं घेतला आणि ते पैसे गटाच्या खात्यात गेले.

तूर-ज्वारी त्या वेळच्या भावानं धरली तर प्रत्येकीच्या वाट्याला सगळं मिळून पाच हजारांच्या आसपास आलं. आणि वहीप्रमाणं प्रत्येकीनं काम केलं साधारण २२ दिवस. २२ दिवस २५० रुपये रोजानं दुसऱ्याच्या रानात गेलो असतो तर साडेपाच हजार मिळाले असते. म्हणजे नुसत्या पैशाच्या हिशेबानं आम्ही पाचशे रुपये मागंच राहिलो. हे ऐकून कुणी म्हणेल, मग हा उद्योग कशाला?

आम्हीही त्या रात्री हेच एकमेकींना विचारलं. उत्तर लगेच मिळालं नाही. मग एकेक जण बोलायला लागली. एक म्हणाली, "२२ दिवस रोजगार मागितला तर मिळतो का? खुरपणीच्या दिवसांत सगळेच बोलावतात, बाकी वेळी कोण बोलावतं?" दुसरी म्हणाली, "रोजाचे पैसे शनिवारी येतात आणि रविवारी बाजारात संपतात. ५० किलो ज्वारी कणगीत आहे म्हटल्यावर मी उसनवारीला गेले नाही." तिसरी म्हणाली, "मला घरच्या एकरातच फायदा झाला." ते खरं होतं. सावडीनं तिची सोयाबीन काढणी दोन दिवसांत उरकली. एरवी पंधरा दिवस मजूर शोधण्यात जायचे आणि शेंगा तडकायच्या. आम्ही सगळ्यांचे तुकडे धरून ट्रॅक्टरवाल्याला एकदम पंधरा एकर काम दाखवलं, तर तो वापशावर हजर. एकरामागं भाडंही कमी केलं.

बियाण्याचंही तसंच. सोयाबीन सरळ वाणाचं असेल तर घरचं बी वापरता येतं, पिशवी विकत घ्यायची गरज नाही. फक्त उगवण तपासून घ्यायची. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे ठेवायचे, गुंडाळायचे, पाणी शिंपडत सावलीत ठेवायचे. आठवड्यात मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बी पुरतं. कमी उगवले तर त्या मानानं बी वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बी पेरायचंच नाही. आमच्यातल्या साठी ओलांडलेल्या मावशी हे काम करतात. सोयाबीनचं साल फार नाजूक, म्हणून पोतं आपटायचं नाही, थप्पी उंच लावायची नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं.

मावशींवरूनच आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं होतं, तेही सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही ठरवलं होतं, दिवस तो दिवस, सगळ्यांना सारखा. मग एक नऊला यायची, एक अकराला. एकीचं लेकरू अंगावर पीत होतं, ती तासातासाला उठायची. मावशींची पात मागं राहायची. कुजबुज सुरू झाली. ऐन तूर काढणीत एकीनं तोंडावर बोलून दाखवलं, आणि दोघी पंधरा दिवस रानाकडं फिरकल्या नाहीत. गट मोडलाच होता.

तेव्हा आम्ही बसून नियम केले. दिवस मोजायचा नाही, पाळी मोजायची: सकाळची एक, दुपारची एक. बाळंतपण, दुखणं असेल तर घरचं दुसरं माणूस चालेल, किंवा पाळी उसनी धरायची आणि पुढं फेडायची. बी निवडणं, राखण करणं, सगळ्यांची लेकरं सांभाळणं हीसुद्धा पाळीच. आणि दर शनिवारी संध्याकाळी वही मोठ्यानं वाचायची. जिला वाचता येत नाही तिनं आपल्या नावापुढं आपली खूण काढून घेतलीय. कुणाची चूल, कुणाचं विळा-खुरपं. बोटानं मोजून ती आपला हिशेब बघते. त्यानंतर भांडणं झाली नाहीत असं नाही. पण ती वहीसमोर झाली, पाठीमागं झाली नाहीत.

आपण एकट्याच असं करतोय का, हे बघायला गेल्या वर्षी आमच्यातल्या सहा जणी हैदराबाद रस्त्यानं जहीराबादला जाऊन आल्या. आपल्याला काही ते फार लांब नाही. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून दलित आणि गरीब बायकांचे संघम चालवते. पडीक रानं घेऊन त्यांनी ज्वारी, राळा, कडधान्यं असं मिसळून पेरलं. गावातच धान्याचा साठा केला, बी साठवलं. आणि बायांनो, तुम्हाला ऐकून बरं वाटेल, तिथल्या माचनूर गावात १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्याच बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला, गावातल्या बायका चालवतात असा. आज आम्ही ज्या माध्यमातून तुमच्याशी बोलतोय त्याची वाट त्यांच्यासारख्या बायकांनीच पाडली. भाषा त्यांची तेलुगू, आमची मराठी. पण बियाण्याची डालगी उघडल्यावर भाषेवाचून काही अडलं नाही.

केरळात कुडुंबश्री ही मोहीम १९९८ साली सुरू झाली. तिथं चार ते दहा बायकांचे गट ठोक्याच्या रानात भात, केळी, भाजीपाला करतात. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी केरळ आणि तेलंगणातल्या बायकांच्या गटशेतीची त्याच भागातल्या घरगुती शेतीशी तुलना केली. केरळात गटांचं उत्पादन घरगुती शेतीपेक्षा पुष्कळ जास्त निघालं. तेलंगणात ज्या गटांचा अभ्यास केला त्यांचं उत्पादन घरगुती शेतीपेक्षा कमी होतं, पण निव्वळ उरलेला पैसा जवळपास सारखा होता, कारण मजुरीचा खर्च वाचला. फरक कशानं पडला? केरळात गट लहान होते, कर्जाची आणि प्रशिक्षणाची सोय होती, बाजारात चांगला भाव येणारी पिकं होती. तेलंगणात गट मोठे, रान मिळणं अवघड, आणि पिकं मुख्यतः धान्याची. म्हणजे नुसतं एकत्र आलं की सोनं पिकतं असं नाही. गट केवढा, रान कसं, कर्ज कुठून, यावर सगळं ठरतं. आमचा बारा जणींचा गटसुद्धा थोडा मोठाच आहे असं आम्हाला आता वाटतं.

आता शेवटची गोष्ट. ही सांगावी की नाही यावर काल बराच वेळ गेला. जिची गोष्ट आहे तीच म्हणाली, "सांगा, नाव तेवढं घेऊ नका."

आमच्यातली एक जण दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. आषाढात मुकादमाची उचल घ्यायची, दसरा झाला की ट्रॅक्टरमध्ये बसायचं, पाडव्याच्या सुमाराला परतायचं. उचल फिटायची नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा. २०२४ च्या आषाढात मुकादम एक लाख उचल देत होता. तिची थोरली आठवीत गेली होती. ती गटात येऊन म्हणाली, "मला यंदा जायचं नाही. पण घरातलं देणं भागवल्याशिवाय थांबताही येत नाही."

पिकाला घातलेले सोडून तेव्हा गटाच्या खात्यात ४०,००० रुपये होते. महिन्याला प्रत्येकीचे दोनशे असे जमवलेले. त्यातून बॅटरीचे फवारणी पंप आणि मोठ्या ताडपत्र्या घ्यायचं आधीच ठरलं होतं. दोन बैठका झाल्या. एक बाजू म्हणायची, गट शेतीसाठी आहे, एका घरासाठी नाही. दुसरी बाजू म्हणायची, ती गेली तर सहा महिने तिच्या पाळ्या कोण भरणार? शेवटी तिला २५,००० रुपये कर्जाऊ द्यायचं ठरलं, पाच हप्त्यांत फेडायच्या बोलीवर. नवरा अर्धा कोयता म्हणून एकटा गेला, निम्मी उचल घेऊन. ती दोन्ही लेकरांना घेऊन गावात राहिली.

याची किंमत आम्ही मोजली. ताडपत्र्या नव्हत्या म्हणून ऑक्टोबरच्या पावसात चार पोती सोयाबीन भिजलं आणि पडत्या भावात गेलं. मघाशी जो ४,१०० सरासरी भाव सांगितला त्यात ती चार पोतीही आहेत. आणि हप्ते? तीन आले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिनं आमचंही सोयाबीन कुजवलं, आणि तिचा चौथा हप्ता थकला. वहीत तो थकबाकी म्हणून लिहिलेला आहे. तीच दर शनिवारी तो वाचून दाखवते. पण थोरली आता नववीत आहे, आणि गेल्या दसऱ्यालाही ती माय ट्रॅक्टरमध्ये बसली नाही.

म्हणून त्या बाजारातल्या बायांना आमचं उत्तर असं, की एकत्र शेती करून आम्ही श्रीमंत झालो नाही. रोजगारापेक्षा फार जास्त पैसाही आला नाही. पण पूर्वी व्यापाऱ्यानं पहिला भाव सांगितला की आम्ही मान हलवायचो, मुकादमानं उचल दाखवली की अंगठा द्यायचो. आता घरात चार महिन्यांची ज्वारी आहे आणि पाठीशी अकरा जणी आहेत, म्हणून "जरा थांबा, विचारून सांगतो" एवढं म्हणता येतं. बाजार समित्यांमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. सोयाबीन, तूर गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजानं. ही योजना आधीपासून होती. पण एक पोतं घेऊन गोदामात जायची आमची कधी हिंमत झाली नव्हती.

ज्यांना गट करायचा आहे त्यांना आमच्या चार गोष्टी. पहिल्या वर्षी पाच-सहा जणींनीच सुरुवात करा, आणि एकमेकींच्या घरी येणं-जाणं असलेल्या घ्या. आपापली जमीन मिसळू नका. काम, खरेदी आणि विक्री मिसळा. ठोक्याचं रान घ्याल तर कागद करा आणि नोंदणी करा, मग विम्यालाही तो कागद उपयोगी पडतो. आणि वही सगळ्यांसमोर वाचा, चांगल्या वर्षी वाचा आणि वाईट वर्षी तर जरूर वाचा.

पाडव्याला आमच्या रानाची मुदत पुन्हा बघायची आहे. त्या बाई ठोका वाढवून मागतात की काय, याची आम्हाला धाकधूक आहे. काय होईल ते पुढच्या वेळी सांगू. कुणाला वही बघायची असेल तर शनिवारी दिवेलागणीला आमच्या गावच्या शाळेच्या ओसरीवर या. चहा आमच्याकडून.

रामराम, बायांनो.